ताराबाई मोडक : छडीवाचून शाळा उभारणाऱ्या शिक्षिका

३१ ऑगस्ट हा ताराबाई मोडक यांचा स्मृतिदिन. त्यानंतर पाचच दिवसांनी, ५ सप्टेंबर रोजी, आपल्या सर्व शाळांतून शिक्षक दिन साजरा होतो. भाषणे होतात, गुलाबाची फुले दिली जातात. परंतु ताराबाईंचे नाव त्या दिवशी क्वचितच कोणाच्या ओठी येते. १९७३ साली त्यांचे निधन झाले. आपले बाळकुम ज्या ठाणे जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला बोर्डी व कोसबाड येथे त्यांनी आयुष्याची अखेरची अठ्ठावीस वर्षे वेचली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि डहाणू तालुका त्यात समाविष्ट झाला. जिल्ह्याची सीमा बदलली, तरी ताराबाईंनी मागे ठेवलेला प्रश्न आपल्या दारातून हललेला नाही. शाळेत पाठविलेले मूल तेथे सुरक्षित असते काय, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न जुना झाला, असे म्हणण्याची सोय नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईतील एका शाळेत उशिरा आल्याबद्दल सहावीतील मुलीला उठाबशा काढण्याची शिक्षा झाली व त्यानंतर काही दिवसांतच तिचा मृत्यू झाला. या बातमीने सर्व महाराष्ट्र हळहळला. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराने ठाणे जिल्हा हादरला होता. दोन्ही घटनांचे स्वरूप भिन्न आहे. परंतु मूल काय सोसत आहे हे मोठ्यांच्या वेळीच ध्यानात का येत नाही, ही वेदना दोन्हींत समान आहे. ताराबाईंचे चरित्र या दृष्टीने आज पुन्हा वाचण्यासारखे आहे.

जन्म, शिक्षण आणि संसार

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते व सामाजिक सुधारणांचे पुरस्कर्ते होते. ज्या काळात मुलींना चार अक्षरे शिकविणे हेही धाडस समजले जाई, त्या काळात ताराबाईंनी १९१४ साली मुंबई विद्यापीठाची पदवी संपादन केली. पुढील वर्षी अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार फार काळ टिकला नाही. १९२१ साली पती-पत्नी विभक्त झाली आणि लहानग्या मुलीला घेऊन ताराबाईंनी स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा निर्णय घेतला.

राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद त्यांना लाभले. त्या पदावर बसणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. मान होता, पगार होता, पुढील बढतीची वाटही मोकळी होती. शिक्षिका तयार करणे हेच तेथील काम असल्याने वर्गात मुलांना कसे वागविले जाते, हा विषय रोजच त्यांच्यासमोर येत असणार. शिवाय स्वतःच्या मुलीला कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्नही होताच. पाठांतर आणि छडी या दोन खांबांवर उभ्या असलेल्या त्या काळच्या शाळेत आपले मूल घालण्यास जागृत आईचे मन सहज धजावत नाही.

भावनगरचे बालमंदिर

त्या सुमारास भावनगर येथे गिजुभाई बधेका यांचा प्रयोग चालू होता. गिजुभाई मूळचे वकील. १९१३ साली मुलगा झाल्यावर त्याच्या शिक्षणाच्या चिंतेतून ते इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांच्या विचारांकडे वळले. पुढे वकिली सोडून ते दक्षिणामूर्ती या संस्थेत आले आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. मुलांवरील त्यांच्या मायेमुळे लोक त्यांना कौतुकाने 'मिशीवाली आई' म्हणत असत.

या बालमंदिरात मारणे नव्हते, रागावणे नव्हते आणि बक्षिसांची लालूचही नव्हती. गोष्टी, गाणी, नाट्य, बागकाम, शरीराची स्वच्छता, हाताने करावयाची कामे यांतून मुले शिकत. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना सर्वाधिक आश्चर्य वाटे ते तेथील शांततेचे. डोळ्यांचा धाक नसताना, टेबलावर छडी नसताना अडीच-तीन वर्षांची मुले आपापल्या कामात गढून गेलेली दिसत.

१९२३ साली ताराबाई प्राचार्यपद सोडून भावनगरला गेल्या. पदवीधर स्त्रीने मोठ्या हुद्द्याची नोकरी सोडून बालवर्गातील मुलांमध्ये बसावे, याचे अनेकांना नवल वाटले. लहान मुलांना शिकविणे हे कमी प्रतीचे काम, अशी समजूत तेव्हा होती; ती आजही पुरती गेलेली नाही. १९२६ साली गिजुभाई व ताराबाई यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. 'शिक्षणपत्रिका' या मासिकातून नवे विचार घरोघरी जाऊ लागले. १९३३ पासून तिची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालविली.

या नऊ-दहा वर्षांत ताराबाईंची शिस्तीविषयीची दृष्टी पक्की झाली. शिस्त दोन प्रकारची असते. एक वरून लादलेली. ती शिक्षक वर्गात असेपर्यंत टिकते व त्याची पाठ वळताच मोडते. दुसरी आतून उगवलेली. मुलाला त्याच्या वयाजोगे, हातांना गुंतविणारे काम मिळाले की ती आपोआप येते. मार खाऊन गप्प बसलेला वर्ग शिस्तबद्ध दिसतो खरा. परंतु ती भीतीची शांतता असते. भीतीने मुलाचे लक्ष धड्यावरून उडते आणि शिक्षकाच्या हातावर खिळते. मग ते मूल शिकते ते एवढेच, की बलवान असेल त्याने दुर्बलास मारावे आणि दुर्बलाने खोटे बोलून सुटावे.

ताराबाईंचे मोठेपण हे, की शिक्षकांना केवळ 'मारू नका' असे सांगून त्या थांबल्या नाहीत. साठ मुलांचा वर्ग, तुटपुंजा पगार, वरिष्ठांचा दबाव आणि लहानपणी स्वतःच खाल्लेला मार, या सर्वांतून शिक्षकाचा हात उगारला जातो. छडी हातातून काढून घेतली, तर त्या हातात दुसरे काही तरी द्यावे लागते. म्हणून त्यांनी जन्मभर अध्यापन वर्ग चालविले. गोष्ट कशी सांगावी, हट्टी मुलाशी कसे वागावे, वर्गाची मांडणी कशी करावी, हे त्या प्रत्यक्ष करून दाखवीत. मुलांचा हट्ट आणि शिस्त या विषयांवर त्यांनी पालकांसाठीही विपुल लेखन केले.

दादरहून बोर्डीच्या अंगणात

१९३६ साली मुंबईत दादर येथे त्यांनी शिशुविहार सुरू केला. त्याला जोडूनच शिक्षिकांच्या प्रशिक्षणाची सोय केली. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांत बालशिक्षण रुजू लागले. येथेच थांबल्या असत्या, तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु माँटेसरीची महागडी साधने आणि शहरातील स्वच्छ, टापटीप मुले यांपुरतेच हे शिक्षण राहणार काय, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. महात्मा गांधींच्या ग्रामशिक्षणाच्या विचारांनी या अस्वस्थतेला दिशा दिली आणि १९४५ च्या अखेरीस, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्या सोबतीला तरुण शिक्षिका अनुताई वाघ आल्या आणि पुढे त्यांनीच हे कार्य जन्मभर चालविले.

ते वर्ष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९४५ सालीच याच परिसरात गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली शेतमजूर वेठबिगारी व लग्नगडी पद्धतीविरुद्ध उभे राहिले होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या सावकार-जमीनदारांकडे राबणाऱ्या या माणसांना चाबकाचे फटके ही रोजची गोष्ट होती. आपल्या बापाला असे मार खाताना पाहिलेले मूल शाळेच्या उंबऱ्यावर येते आणि तेथेही एक शहरी माणूस हातात छडी घेऊन बसलेला त्याला दिसतो, तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल? शाळा म्हणजे जमीनदाराचाच आणखी एक वाडा, असेच त्याला वाटणार. आदिवासी मुले शाळेतून पळून जातात, ती मठ्ठ आहेत, अशी तक्रार तेव्हा सर्रास होत असे. ताराबाईंनी मुलांना दोष न देता शाळा तपासली.

दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई व अनुताई बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. यातूनच 'अंगणवाडी' ही कल्पना साकार झाली. २ ऑक्टोबर १९७५ पासून केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली व तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. आज गावोगावी, शहरातील वस्त्यावस्त्यांतून आढळणाऱ्या अंगणवाडीचे मूळ असे बोर्डीच्या अंगणात आहे.

कोसबाडची टेकडी

१९५७ च्या सुमारास केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हलले. येथील वारली मुले दिवसभर गुरे राखीत. त्यांना शाळेत ओढून आणण्याऐवजी शिक्षक कुरणात जाऊ लागले आणि 'कुरणशाळा' जन्मास आली. थोरल्या बहिणी धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी अडकून पडत. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून त्या योजनेस 'विकासवाडी' हे नाव दिले. महागड्या साधनांची जागा दगड, शंख, शिंपले, बिया, पाने व बांबू यांनी घेतली.

या सर्व प्रयोगांमागे एकच सूत्र दिसते. मूल येत नाही, शिकत नाही, ऐकत नाही, तेव्हा त्याला शिक्षा करण्यापूर्वी कारण शोधावे. ते उपाशी आहे काय? रात्रभर जागले आहे काय? त्याला आपली भाषा कळते काय? ते कोणाला घाबरते? शिक्षेची घाई करणाऱ्याला हे प्रश्न सुचत नाहीत.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांची जीवनयात्रा संपली.

पाहण्याची कला

माँटेसरी, गिजुभाई आणि ताराबाई या तिघांच्या पद्धतीचा पाया एकच : मुलाचे निरीक्षण. शिक्षकाने बोलावे कमी आणि पाहावे अधिक. आज शाळेतील मारहाण ओळखण्याच्या कामी हीच कला आपल्याला उपयोगी पडणार आहे, कारण मार खाणारे मूल सहसा आपण होऊन सांगत नाही. आपलीच चूक झाली असे त्याला वाटते किंवा सांगितल्यास घरी आणखी मार बसेल, अशी धास्ती असते.

आई-वडिलांनी अंघोळीच्या वेळी, कपडे बदलताना सहज नजर ठेवावी. तळहात, पोटऱ्या, मांड्या, पाठ यांवरील वळ, कानाच्या पाळीवरील ओरखडे, बोटांची सूज, उठाबशांनी आखडलेले पाय किंवा गुडघ्यांवरचे व्रण यांचे कारण शांतपणे विचारावे. खेळताना लागलेला मार बहुधा गुडघे, कोपर, कपाळ अशा पुढे येणाऱ्या भागांवर असतो. पाठ, मांडीचा मागील भाग अशा झाकलेल्या जागी उमटलेले लांबट वळ पडण्याने होत नाहीत. उकाड्यातही मूल लांब बाह्या सोडत नसेल, तर तेही ध्यानात घ्यावे.

शरीरावर खूण नसली, तरी वागणे बोलते. रविवारी रात्री पोटात दुखू लागणे, ठरावीक तासाच्या दिवशीच शाळा नको म्हणणे, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परतणे, अचानक बोलताना अडखळणे, कोणी जवळून हात उचलताच अंग चोरणे, वह्या लपविणे, बाहुलीला अथवा धाकट्या भावंडाला 'शाळा शाळा' खेळताना बडविणे. यांतील एखाद्या गोष्टीवरून लगेच निष्कर्ष काढू नये, कारण प्रत्येकाची कारणे इतरही असू शकतात. मात्र दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर दुर्लक्ष करू नये.

कळल्यावर काय करावे

मुलाने तोंड उघडले, की पहिले काम ऐकून घेण्याचे. 'तू काय केलेस म्हणून मारले?' हा प्रश्न विचारताच मूल पुन्हा मिटते. त्याने सांगितले ते बरे केले, यात त्याचा दोष नाही, असा धीर द्यावा. 'कोणाला सांगणार नाही' असे वचन मात्र देऊ नये, कारण मदत करायची तर कोणाला तरी सांगावेच लागते. मुलाचे शब्द, दिवस व वेळ त्याच दिवशी लिहून ठेवावी. इजा असल्यास प्रथम डॉक्टरांकडे न्यावे व तपासणीचा कागद जपून ठेवावा. घरातील प्रत्येकाने पुन्हा पुन्हा तीच हकिकत वदवून घेऊ नये.

त्यानंतर मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. खरे-खोटे करण्यासाठी मुलाला शिक्षकासमोर उभे करू नये. शाळा दाद देत नसेल, तर शिक्षणाधिकारी, जिल्ह्याची बाल कल्याण समिती व राज्य बालहक्क संरक्षण आयोग ही पुढील दारे आहेत. मुलांसाठीचा १०९८ हा दूरध्वनी क्रमांक दिवस-रात्र चालू असतो व तो फिरविण्यास पैसे पडत नाहीत. इजा गंभीर असेल अथवा लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तर शाळेच्या चौकशीची वाट न पाहता थेट पोलिसांत जावे. संतापाच्या भरात मुलाचे नाव, छायाचित्र वा वळांची चित्रे व्हॉट्सॲपवर फिरवू नयेत. प्रसारमाध्यमांतून पीडित मुलाची ओळख उघड करण्यास कायद्यानेही मनाई आहे.

आपल्या शाळांचा विचार

२००७ साली केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांत केलेल्या पाहणीत शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी सुमारे दोघांनी शारीरिक शिक्षा भोगल्याचे सांगितले होते. दोन वर्षांनी, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस बंदी केली. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला.

येथे एक गोष्ट आपण स्पष्टपणे जाणून घ्यावी. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू होत नाही, असा निकाल दिला. २०२५ मध्ये न्यायालयाच्याच एका खंडपीठाने त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याची शिफारस केली. आपल्या धर्मप्रांतीय व धर्मभगिनींच्या शाळा अल्पसंख्याक म्हणून मान्यता पावलेल्या आहेत. परंतु या निकालाचा आडोसा घेऊन कोणी हात उगारू नये. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ७५ वे कलम सर्वांनाच लागू आहे. ताब्यातील मुलाला मारहाण करून विनाकारण यातना देणाऱ्यास त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास सांगितला असून, मुलांचा सांभाळ सोपविलेल्या संस्थेतील व्यक्तीने असे केल्यास ती मुदत पाच वर्षांपर्यंत जाते.

कायद्याच्या आधी आपला स्वतःचा वारसा आहे. संत जॉन बॉस्को यांनी १८७७ साली आपल्या प्रतिबंधक शिक्षणपद्धतीविषयी लिहिताना मारणे, यातना होतील असे गुडघ्यांवर बसविणे आणि कान पिळणे या तिन्ही गोष्टी पूर्णपणे वर्ज्य ठरविल्या होत्या. तुरीन शहरातील रस्त्यावरच्या अनाथ, आडदांड पोरांना त्यांनी छडीवाचून सांभाळले. तरीही आपल्यापैकी अनेकांच्या आठवणीतील मिशनरी शाळेचे चित्र गुडघ्यांवर बसलेल्या मुलांवाचून पुरे होत नाही, हे सत्य नाकारून चालणार नाही. कडक शाळा म्हणजे चांगली शाळा, या आपल्या समजुतीनेच त्या शिक्षेला अभय दिले. आजही 'दोन लावा, पण शिकवा' असे शिक्षकांना सांगणारे पालक आपल्यातच आहेत.

प्रभू येशूने लेकरांना जवळ येऊ द्या असे सांगितले, तेव्हा त्यांना अडविणारे शिष्यच होते, परके नव्हते. ही गोष्ट शाळा चालविणाऱ्या आपण सर्वांनी मनाशी ठेवावी.

ताराबाई ख्रिस्ती नव्हत्या आणि डॉन बॉस्को यांनी ठाणे जिल्हा पाहिला नव्हता. तरी दोघांनी एकच गोष्ट आचरून दाखविली : मुलाचे मन जिंकल्यावाचून त्याला शिकविता येत नाही, आणि ज्याला आपण भितो त्याच्यापाशी मन कोणी मोकळे करीत नाही. यंदाच्या शिक्षक दिनी आपल्या परिसरातील प्रत्येक शाळेने दोन साध्या गोष्टी कराव्यात. १०९८ हा क्रमांक मुलांना वाचता येईल अशा ठिकाणी मोठ्या अक्षरांत लावावा. आणि मुलांनी निर्धास्तपणे जावे अशा एका शिक्षकाचे अथवा शिक्षिकेचे नाव प्रत्येक वर्गाला सांगावे. पालकांनी त्या सायंकाळी 'किती गुण मिळाले?' याऐवजी 'आज शाळेत कोणी दुखावले का?' असे विचारून उत्तर शेवटपर्यंत ऐकावे. ताराबाईंच्या स्मृतीस याहून योग्य अभिवादन दुसरे नाही.